सतरा नंबरची रायफल

त्या दुपारचा फोन मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत असे फोन शेकड्यांनी आले, त्यातले बहुतेक आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हा तेवढा वेगळा राहिला. स्वेच्छानिवृत्ती घेऊन आता बरीच वर्षे झाली. लोक विचारतात, एवढ्या लवकर नोकरी का सोडली? मी तब्येतीचे कारण सांगतो. खरे कारण हे प्रकरण आहे.

त्या वेळी मी नवी मुंबईत खाडीकाठच्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. आमच्या हद्दीत खाडीला लागून एक मोकळी जागा होती. बेकायदा वाळूउपशात पकडलेल्या होड्या आणि सक्शन पंप तिथे ठेवलेले असायचे. एक पत्र्याची शेड, एक खाट, पाण्याचा ड्रम आणि मुख्यालयातून आलेली गार्ड, म्हणजे एक हवालदार आणि दोन शिपाई. त्यांच्याकडे जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या. महायुद्धाच्या काळातले हे हत्यार, एकेक गोळी बोल्ट मागे-पुढे करून भरायची. शहरात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या तरी आमच्या गार्डच्या खांद्यावर हेच होते.

फोन ठाणे अंमलदाराने घेतला आणि धावत माझ्या केबिनमध्ये आला. "साहेब, होड्यांच्या गार्डकडून गोळी सुटलीय. माणूस पडलाय."

मी पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. चिखलात पावलांची गर्दी उमटलेली, एका होडीचा दोर अर्धवट कापलेला आणि त्याच्या शेजारी कोयता. जखमीला लोकांनी आधीच रिक्षात घालून नेले होते. रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंत तो गेला. पस्तिशीचा, करावे गावातला, पिढीजात खाडीत मासेमारी करणारा. त्याची होडी वाळूच्या केसमध्ये जप्त होती. होडी भाड्याने दिली होती, वाळू आपण काढली नाही, असे त्याचे म्हणणे. कोर्टातून होडी सुटत नव्हती आणि ती चिखलात पडून कुजत होती. त्या दिवशी तो तिघांना घेऊन ती ओढून न्यायला आला होता.

हवालदार शेडसमोर उभा होता. पन्नाशी ओलांडलेला, बीडकडचा. रायफल त्याने रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून भिंतीला टेकवली होती. अशा वेळीही हात सवयीने काम करतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. कुंद्यावर, म्हणजे मागच्या लाकडी दस्त्यावर, पांढऱ्या रंगात आकडा होता, सतरा. पंचनाम्यासाठी रायफल हातात घेतली आणि पुढच्या माशीकडे लक्ष गेले. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा तो छोटा उंचवटा. तिच्या बुडाशी पंच नावाच्या टोकदार पोलादी अवजाराने ठोकलेली एक खूण होती. ती माझी होती. माझ्या हाताखालून गेलेली रायफल, हे पाहून त्या परिस्थितीतही मला क्षणभर बरे वाटले होते. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटले होते खरे.

इथे थोडे मागे जायला हवे. या ठाण्यात येण्यापूर्वी मी मुख्यालयात होतो आणि पोलिसांच्या नेमबाजी संघाचा कप्तान होतो. तिथल्या जुन्या रायफलींची अवस्था पाहून मला चीड यायची. खाडीच्या खाऱ्या हवेने नळीत गंज धरलेला. साफसफाईच्या दिवशी सगळे बोल्ट एका घमेल्यात काढायचे आणि मग हाताला येईल तो बोल्ट येईल त्या रायफलीत घालायचा. खरे तर प्रत्येक बोल्टवर त्याच्या रायफलीचा नंबर असतो आणि तो जुळलाच पाहिजे. नळी पुसायची दोरी तिरकी ओढल्याने तोंडाची कड एका बाजूने झिजलेली. दमट हवेने लाकूड फुगून नळीला एका अंगाने दाबत राहिलेले. अशी रायफल शंभर मीटरवर कुठे मारेल ते सांगता येत नाही.

पण आमच्या लोकांनी यावर आपला तोडगा काढला होता. रायफल दुरुस्त करायची नाही, तिचा स्वभाव पाठ करायचा. गार्ड बदलताना चार्ज देणारा घेणाऱ्याला काडतुसे मोजून द्यायचा आणि वर सांगायचा, "बावीस नंबर वर मारते. नऊ नंबर बरी आहे. सतरा उजवीकडे ओढते, हातभर. डावीकडे धरायची." गोठ्यातल्या जनावरांबद्दल सांगावे तसे. ही माहिती कुठेही लिहिलेली नसायची. एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात जायची आणि वर्षानुवर्षे टिकायची. वर्षातून एकदा होणाऱ्या गोळीबार सरावात सगळे त्याच हिशेबाने धरायचे आणि पास व्हायचे.

मला हे सहन होईना. परवानगी घेतली आणि मुख्यालयातल्या आर्मोररला, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, हाताशी धरून पावसाळाभर एकेक रायफल उघडली. नळीतून उकळते पाणी सोडून जुना क्षार काढला, तेल दिले. बोल्ट नंबराप्रमाणे जुळवले. लाकूड जिथे नळीला दाबत होते तिथे खरवडून मोकळे केले, जवसाचे तेल पाजले, स्क्रू घट्ट केले. झिजलेली तोंडे घासून कड सारखी केली. मग मैदानावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून गोळ्या मारायच्या, माशी बारीक ठोकून सरकवायची, पुन्हा मारायच्या. पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत आणि बरोबर नेमावर पडल्या की माशी हलू नये म्हणून पंचाची खूण करायची. गार्डवरच्या रायफली बदली हत्यार देऊन मागवल्या, काम झाले की ट्रकने परत पाठवल्या. माझे कौतुक झाले. त्यानंतर माझी बदली झाली.

आता त्या दिवसाकडे येतो. संध्याकाळ व्हायच्या आत ठाण्याच्या लँडलाइनवर आणखी एक फोन आला.

"साहेब, नाव नका विचारू, मला टेन्शन नको. तुमचा तो गार्डवाला हवालदार आहे ना, तो मागच्या आठवड्यातच आज मेला त्याला बोलला होता, परत इकडं दिसलास तर गोळी घालीन. जेटीवरच्या चार लोकांनी ऐकलंय."

चौकशी केली. खबर खरी निघाली. दोन शिपायांपैकी एक रजेवर होता, दुसरा जेवून परत येत होता आणि तोच प्रत्यक्ष साक्षीदार होता. त्याचा जबाब मीच नोंदवला. त्याने सांगितले, दगडफेक चालू होती, हवालदार एकटा होता, त्याने रायफल खांद्याला लावली, नेम सरळ त्या माणसावर होता आणि गोळी सुटली. आधीची धमकी, सरळ नेम, कमरेच्या वर जखम. खुनाचा गुन्हा उभा राहायला आणखी काय लागते? बाहेर गावातले दोनशे लोक जमले होते आणि त्यांनाही हेच हवे होते.

हवालदाराला मी केबिनमध्ये घेतले. माझ्या अनुभवात, गोळी झाडणारा पोलीस पहिल्या दिवशी खूप बोलतो किंवा अजिबात बोलत नाही. हा दोन्ही करत नव्हता. विचारले तेवढे सांगत होता.

"धमकी दिली होती?"

"दिली होती साहेब. रोज येऊन डोकं खायचा. होडी सोड, होडी सोड. माझ्या हातात हाय का ते? तोंडातून गेलं."

"मग आज घातलीस गोळी."

"मारायला न्हाई घातली. होडी गेली असती तर माझी नोकरी गेली असती. दोन वरीस राहिल्यात."

"हवेत का नाही मारली?"

"हवेत मारून कुठं पडंल ती? चारी बाजूला टावर. डावीकडं बंधारा, दगडाला लागली की उसळती. म्हणून त्याच्या उजव्या अंगाला चिखलात मारायची ठरवली. चिखल उडाला की पळतेत लोकं."

"शिपाई सांगतो, नेम त्याच्यावर होता."

"व्हय. त्याच्यावरच धरला. सतरा नंबर हातभर उजवीकडं ओढती. त्याच्यावर धरला म्हणूनच चिखलात जायला पायजे होती."

माझा संयम इथे संपला. मी आवाज चढवला. त्याला सांगितले, ही कहाणी दुसऱ्या कुणाला सांग. ती रायफल मी स्वतः उघडली आहे, स्वतः गोळ्या मारून बघितली आहे, माशीवर माझी खूण आहे. ती सुतासारखी सरळ मारते. "खोटं बोलायचं तर निदान जो तपास करतोय त्यानं दुरुस्त केलेलं हत्यार सोडून बोल."

त्याने वाद घातला नाही. मग अगदी हळू आवाजात विचारले, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"सरळ कधीपासून मारती, साहेब?"

"पावसाळ्यापासून."

तो खुर्चीचा हात धरून बसून राहिला. मी समजलो, खोटे पकडले गेले. त्याला अटक दाखवली आणि वरिष्ठांना फोन करून सांगितले की तो गुन्हा कबूल करण्याच्या बेतात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद पुढे घेऊन बसलो, पण तो प्रश्न जात नव्हता. खोटे बोलणारा माणूस पकडला गेला की हुज्जत घालतो, रडतो, दुसरी कहाणी सुरू करतो. 'कधीपासून' असे तो विचारत नाही. असे तोच विचारेल ज्याला ती गोष्ट त्याच क्षणी कळली आहे.

मग मी जे आधीच विचारायला हवे होते ते स्वतःला विचारले. रायफली ट्रकमध्ये चढवल्या तेव्हा बरोबर काय निरोप दिला होता? काहीच नाही. कुंद्यावरचे नंबर तेच होते. काडतुसे कमी म्हणून दुरुस्तीनंतर गार्डच्या लोकांना गोळीबार सराव झाला नव्हता. रायफल सरळ मारते, ही काय सांगायची गोष्ट आहे, असे मला वाटले होते. किंबहुना असे वाटलेही नव्हते. माझ्या डोक्यात तो विचारच आला नव्हता.

पुरावा म्हणून हे पुरेसे नव्हते. हवालदाराला मैदानावर नेले असते तर त्याने मुद्दाम डावीकडे मारली असती, असे कुणीही म्हणाले असते. म्हणून मी त्या साक्षीदार शिपायाला बोलावले. नेम माणसावर होता असे सांगणारा तोच. सतरा नंबर पुरावा म्हणून सील होऊन गेली होती, पण आता ती हातात घेण्याची गरज नव्हती. गार्डवरची आणखी एक रायफल अकरा नंबर होती आणि तीही माझ्या हातून गेलेली होती. दोन पंच, आर्मोरर आणि मी असे मैदानावर गेलो. शिपायाला कारण सांगितले नाही. एवढेच सांगितले की पाच गोळ्या मधल्या काळ्या ठिपक्यावर मारायच्या.

तो पोटावर झोपला, रायफल खांद्याला लावली आणि सहज विचारल्यासारखे बोलला, "अकराच ना साहेब ही? ही खाली टाकते. वर धरतो."

आर्मोररने माझ्याकडे पाहिले. मी शिपायाला मारायची खूण केली.

पाच गोळ्या झाल्या. आम्ही लक्ष्याजवळ चालत गेलो. पाचही गोळ्या एकमेकींना चिकटून पडल्या होत्या, ठिपक्याच्या बरोबर वर, लक्ष्याच्या वरच्या कडेला. उत्तम रायफल, उत्तम नेमबाज आणि एकही गोळी जागेवर नाही. शिपाई ती भोके बघत उभा राहिला.

"ही अशी कशी मारली हिनं?"

"दुरुस्त केलीय ती," आर्मोरर म्हणाला. "सगळ्याच केल्यात."

"आम्हाला कुणी सांगितलं?"

मी त्याला विचारले, सतरा नंबर उजवीकडे ओढते हे जबाबात का सांगितले नाहीस?

"तुम्ही नेम कुठं होता ते विचारलंत साहेब. नेम त्याच्यावर होता, ते खरंच आहे. तो पडला तेव्हा मला वाटलं, घाईत याचा हात हलला असंल." मग तो खाली बसला. "म्हणजे मी असतो तरी तेच केलं असतं."

पंचनामा करून मी वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि दार लावायला सांगितले.

"तू चांगलं काम केलंस, रायफली नीट केल्यास. आता त्यात स्वतःला का गुंतवतोस? धमकी आहे, साक्षीदार आहे, कोर्ट बघून घेईल."

"सर, कोर्ट काय बघणार? कागदावर आहे तेच बघणार. कागदावर हे नसलं तर तो खुनात जाईल."

"आणि असलं तर तू चौकशीत जाशील. वरून लोक म्हणतील, पोलीस पोलिसाला वाचवतोय."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दोन्ही झाल्याही. मी स्वतःचा जबाब लिहून दिला, त्यामुळे मी साक्षीदार झालो आणि तपास दुसऱ्या शाखेकडे गेला. माझ्यावर विभागीय चौकशी झाली आणि समज देऊन संपली. दुरुस्तीनंतर वापरणाऱ्याला कळवावे असा कुठलाही नियम अस्तित्वात नव्हता, त्यामुळे मी कुठलाही नियम मोडलेला नव्हता. त्या निष्कर्षाने मला अजिबात बरे वाटले नाही.

मृताच्या वडिलांना हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. गावठाणात त्यांची तीन मजली इमारत होती, वरचे मजले भाड्याने दिलेले. म्हातारे खाली जिन्याजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. भाडेकरू येता-जाता त्यांच्या शेजारून स्कूटर काढत होते. त्यांनी मला ओळखले. शेजारची खुर्ची पुढे सरकवली.

"मना एकच सांगा, साहेब. त्यानं माज्या पोराला जानूनबुजून मारला का नाय?"

"नाही, काका."

"मं गोली कशी लागली?"

मी सांगितले. रायफलीचा दोष, तो पाठ असलेली माणसे, दुरुस्ती, न दिलेला निरोप. जितके साधे करता येईल तितके केले. जिन्यातून उतरणारी एक बाई आमच्याकडे पाहून थांबली आणि परत वर गेली.

"म्हंजे ती बंदूक वाकरी होती तशीच ऱ्हायली असती, त माजा पोर आज हिथं असता."

"हो."

"आनि सरल कोनी केली?"

"मी केली."

मला वाटले ते शिवी देतील. द्यावी असे मला वाटत होते.

"मं राग कोनावर धरू मी आता?"

"माझ्यावर धरा."

त्यांनी मान हलवली. "तुमच्यावर कसा धरू? तुमी तुमचा काम केलाव. त्या हवालदाराच्या नावानं मी रोज सकाली थुकत व्हतो. तेवरा तरी व्हता मना." मग ते उठले, भिंतीला हात लावून घरात वळले आणि पाठमोरे असतानाच म्हणाले, "तुमी यावाला नको व्हता, साहेब. काल परयंत निदान मारला कोनी ता म्हाईत व्हता."

खुनाचे कलम पुढे गळाले. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा खटला उभा राहिला आणि तो योग्यच होता. त्या दुपारी गोळी घालण्याची वेळ आलेलीच नव्हती. होडी जाऊ द्यायची, वायरलेस करायचा, पुढे अडवायची. हवालदाराला हे मान्य होते. तो कधीही निर्दोष असल्याचे म्हणाला नाही. निलंबनातच त्याची निवृत्तीची तारीख उलटून गेली.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कुणी विचारले तर मी सांगतो ते असे. आपल्याकडे माणसे बिघडलेल्या वस्तूंबरोबर, बिघडलेल्या पद्धतींबरोबर जगायला शिकतात. त्या बिघाडाचा ते हिशेब बांधतात आणि त्या हिशेबावर त्यांची सुरक्षितता उभी असते. बाहेरून आलेल्या माणसाला फक्त बिघाड दिसतो. मलाही तेवढाच दिसला. मी प्रत्येक रायफल उघडून पाहिली, लाकूड कुठे फुगले आहे ते बोटाने चाचपून शोधले, पण ती ज्याच्या खांद्यावर जाणार होती त्या एकाही माणसाला विचारले नाही की तू ही कशी धरतोस. पाच मिनिटांचे काम होते. माझ्या नंतरच्या नोकरीत मी हाताखालच्या अधिकाऱ्यांना हे पुष्कळदा सांगितले. त्यांनी माना डोलावल्या. त्यांना ती हत्यारांबद्दलची सूचना वाटली असावी.

साक्षीसाठी बेलापूरच्या कोर्टात गेलो तेव्हा हवालदार बाहेरच्या बाकावर बसला होता. वकील अजून आला नव्हता. त्याने उठून सॅल्यूट करायचा प्रयत्न केला, मी त्याला बसवले आणि शेजारी बसलो. तब्येत, गाव, मुलीचे लग्न असे बोलणे झाले. मग तो माझ्याकडे वळला.

"साहेब, एक इचारू? त्या दिवशी तुमी मला खोटारडा म्हणालात. मला त्याचं काय वाटलं न्हाई. पण रायफल सरळ मारती म्हणालात ना, तवा मला कळलं की म्या माणूस मारला. तवर मला वाटत हुतं, गोळी दगडाला लागून फिरली असंल."

आतून पुकारा झाला, साक्षीदार म्हणून माझ्या नावाचा. मी उठलो. तो बाकावरच बसून राहिला.

"जावा साहेब," तो म्हणाला. "समदं खरं सांगा."

मी आत गेलो आणि सांगितले.